काचमण्यांचा ध्यास आणि भट्टीचा खर्च

सप्रेम नमस्कार,

फोंड्याहून आलेल्या पत्रात आपण विचारले आहे, की बारावी झालेल्या मुलीला महाविद्यालयात न जाता हाताने काचेचे मणी व दागिने घडवायचे आहेत, तर तिला बर्नर आणि भट्टी घेऊन द्यावी का. काम तिला जरूर शिकू द्यावे. खरेदी मात्र आताच करू नये, असे माझे मत आहे.

या कामातले खरे कसब मणी निववण्यात आहे. मातीचा लेप दिलेल्या पोलादी सळईवर वितळलेली काच गुंडाळणे थोड्या सरावाने जमते. परंतु तो मणी उघड्या हवेत ठेवला, तर बाहेरचा थर आधी आवळतो, आत ताण अडकून राहतो आणि कधी त्याच रात्री, तर कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मणी तडकतो. म्हणूनच मऊ, म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या काचेचे मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून सावकाश गार करतात. शिवाय प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते याचे माप, १०४ असलेली काच आणि ३३ असलेली बोरोसिलिकेट काच एका मण्यात नांदत नाहीत. हा फरक रंगावरून ओळखता येत नसल्याने काचेच्या कांड्यांना चिठ्ठ्या लावण्याची शिस्त हवी. ज्वालेतला पिवळा झगमगाट अडवणारा डिडिमियमचा चष्मा आणि खेळती हवा अत्यावश्यक आहे. गॅस व ऑक्सिजनची जोडणी स्वयंपाकघरात करण्याचा विचारही नको.

सुटे मणी विकून पोट भरणे कठीण. उत्तर प्रदेशातील पुर्दिलनगरात काचमणी हा पिढीजात धंदा आहे, आणि तिथल्या दरांशी तिने झुंजू नये. तिची कमाई तयार दागिन्यात आहे. म्हणून ओवणे, फासे व चांदीचे आकडे ती एखाद्या सोनाराकडे बसून शिकली तर उत्तम. हणजुण्याचा बुधवारचा बाजार पर्यटनाच्या हंगामावर चालतो, तेव्हा पावसाळ्यात माल घडवायचा आणि पुढे विकायचा, असे तिचे वर्ष राहील.

महाविद्यालय सोडू नये, कारण पणजीत आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालयातून पदवी घेतल्यास पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक व काच डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रयत्न करता येईल.

तूर्त तिला एखाद्या कार्यशाळेत पाठवावे. तेथे केलेल्या मण्यांपैकी वीस मणी ओवून तिने स्वतः महिनाभर वापरावेत आणि किती अखंड राहिले ते कळवावे. भट्टीचे आपण त्यानंतर बोलू.