मनीच्या जागा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तीन पानांत तू दोनदा माफी मागितली आहेस. 'बाई, मांजरासाठी एवढं रडणं बरं नव्हे, हे कळतं मला.' आधी ते वाक्य खोड. दहावीत असताना पावसात भिजलेलं पिल्लू दप्तरात घालून तू वर्गात आणलं होतंस आणि मराठीच्या तासाला दप्तर म्यांव म्हणालं होतं, ते मला आठवतं. अकरा वर्षं ती तुझ्या पायाशी निजली. तिच्यासाठी रडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडे हे नवीनही नाही. पोळ्याला बैलाची खांदेमळणी होते, वसुबारसेला गायवासराची पूजा होते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे 'कोरडी खाऊ नका' म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकलेले असतात. मांजराच्या वाट्याला मात्र पंचांगात दिवस आलेला नाही. तो तुला शोधावा लागेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता तुझ्या कवितेविषयी. चार मसुदे पाठवलेस, चारही वाचले. 'विरह', 'पोकळी', 'काळजाचा तुकडा', 'रिते अंगण' हे शब्द खोटे नाहीत, तू ते मनापासून लिहिलेस हेही दिसतं. पण ते कोणाच्याही मांजराला बसतील. तुझ्या मनीचा एक केससुद्धा त्यांत सापडत नाही. खरी मनी तुझ्या पत्रात आहे, दुसऱ्या पानावर, जिथे तू सहज लिहून गेलीस की उन्हाळ्यात ती माठाच्या तिवईखाली, पाणी झिरपून ओल्या झालेल्या फरशीवर पोट टेकून पडायची. ती ओळ वाचताना माझा हात थांबला. कविता तिथे आहे.

बालकवींची 'औदुंबर' तुम्हाला मी शिकवली होती. आठ ओळींची कविता. निळासावळा झरा, पैल टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, त्यातून अडवीतिडवी गेलेली पांढरी पायवाट, ती जाते काळ्या डोहाकडे. आणि शेवटी,

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर,
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

कवीने फक्त पाहिलं आहे. मला वाईट वाटतं, असं तो कुठेही म्हणत नाही. 'उदास' हा शब्द आठही ओळींत नाही. तरी वाचून झाल्यावर त्या डोहाचा गारवा अंगावर येतो. 'असला' या एका शब्दात बोट दाखवणं आहे, बघ, असा हा, म्हणून. तुलाही तेवढंच करायचं आहे. अशी होती मनी, एवढं बोट दाखव.

या कवीबद्दल मला जरा जास्तच वाटतं, त्याचं कारण सांगते. ते आमच्या खानदेशातले, धरणगावचे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातात ते गेले, अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. मी पुष्कळ वर्षं जळगाव-भुसावळ गाडीने शाळेला ये-जा केली. मध्ये भादली लागतं. गाडी तिथे आली की मी मनातल्या मनात 'औदुंबर' म्हणायचे. गाडी हलायच्या आत आठ ओळी होऊन जात. कोणाला सांगितलं नाही कधी, आज तुलाच पहिल्यांदा लिहिते आहे.

आता मोत्याचं. तू त्याला पाहिलं नाहीस, तुझ्या आधीची गोष्ट. गावठी कुत्रा, तांबूस, एक कान मोडलेला. रोज संध्याकाळी फाटकाशी बसायचा. एका माघात आजारी पडला. त्या दिवशी मी घरी थांबायला हवं होतं, पण शाळेत परीक्षा होती आणि मी गेले. संध्याकाळी उतरून आले तर फाटकाशी कोणी नव्हतं. अंगणातल्या कडुनिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. पुढे महिनाभर त्या झाडाची पानं गळत होती, रोज सकाळी मी तीच झाडत होते आणि मर्ढेकरांच्या ओळी तोंडात येत होत्या,

शिशिरर्तुच्या पुनरागमे, एकेक पान गळावया
का लागता मज येतसे न कळे उगाच रडावया

वर्गात शिकवताना मी 'उगाच' या शब्दावर घसरत होते. पोरांना सांगायचे, कवीला कारण ठाऊक नाही. खराटा हातात असताना कळलं की कारण ठाऊक असलं तरी माणूस 'उगाच'च म्हणतो, कारण पान गळणं आणि आपलं रडणं यांचा संबंध कोणाला समजावून सांगता येत नाही. मग चैत्रात त्याच कडुनिंबाला मोहर आला. बारीक पांढरी फुलं, सगळ्या अंगणभर मधासारखा वास. मला त्या झाडाचा राग आला होता, खरंच. एवढ्यात कसा फुलतोस, असं वाटलं. दोन-तीन वर्षं गेली आणि तो राग विरला. आता मोहराचा वास आला की आधी मोत्याचा मोडका कान आठवतो, माघातली ती संध्याकाळ नंतर येते.

म्हणून तुला सांगते, कविता आत्ता लिहू नकोस. एक वही घे आणि तिच्यात मनीच्या जागा लिही. मांजराला घरातली ऊब आणि गारवा आपल्याआधी कळतो. थंडीत ती कुठे निजायची? गीझर लागला की न्हाणीघराच्या दाराशी येऊन बसायची का? सकाळचं ऊन खोलीत कुठून कुठे सरकायचं आणि ती त्याच्याबरोबर किती वेळा उठायची? पावसाळ्यात खिडकीच्या कट्ट्यावर बसून गजांवरचे थेंब पंजाने पुसायची, असं तू मागे एकदा सांगितलं होतंस. तेही टिप. वर्षभराचा नकाशाच तयार होईल. विशेषणं घालू नकोस, उपमा तर नकोच. महिना, जागा आणि ती काय करत होती, एवढं पुरे. प्रत्येक ऋतू आला की त्याच्या त्याच्या पानावर जा. जे आत्ता आठवत नाही ते आश्विनात ऊन तापलं की आठवेल.

दुसरं काम पाठांतराचं. तुमच्या पिढीला ते जड वाटतं, पण पुस्तक दर वेळी हाताशी नसतं आणि रडू काही सांगून येत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत गेल्या, घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. तोवर त्यातलं बरंचसं मुखातच राहिलं होतं. सुगरणीचा खोपा त्यांनी किती बारकाईने पाहिला होता, ते पुन्हा वाच.

पाठ करायला तीन कविता देते. 'औदुंबर' आहेच. दुसरी रेव्हरंड टिळकांची, बाण लागलेल्या पक्षिणीची, 'केवढे हे क्रौर्य!'. 'क्षणोक्षणि पडे, उठे, परि बळे, उडे बापडी' ही ओळ मोठ्याने म्हण. पृथ्वी वृत्तात आठव्या अक्षरावर थांबायचं असतं, म्हणजे 'उठे'वर. पडून उठल्यावर तिला जो दम लागतो, तो म्हणणाऱ्यालाही घ्यावा लागतो. शेवटच्या आठवड्यात मनीला पाण्याच्या वाटीपर्यंत जाताना तू पाहिलंस, तुला हे वृत्त कोणी समजावायला नको. ही कविता वर्गात म्हटली की मागच्या बाकावरची मुलंही गप्प व्हायची.

तिसरी 'श्रावणमासी'. नाक मुरडू नकोस. सगळ्यांना ती आनंदाची, गोडगोड कविता म्हणून माहीत असते. पण तू लिहिलंस ना, की परवा मैत्रिणीच्या एका गोष्टीवर खळखळून हसलीस आणि लगेच अपराधी वाटलं? आता ओळ म्हण. 'क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे.' शिरवं आलं म्हणून ऊन खोटं होत नाही, ऊन पडलं म्हणून शिरवं विसरलं जात नाही. तुझं हसणं मनीला विसरणं नव्हे, बाळ.

आणि मांजराचा दिवस. मनी ज्येष्ठात गेली, पण ती तिथी धरू नकोस, तो दिवस दवाखान्याच्या वासाने भरलेला आहे. ती दप्तरातून आली तो दिवस धर. मला आठवतं त्याप्रमाणे नागपंचमीच्या आदल्या दिवशी शाळा होती आणि झिम्म्याच्या तयारीत तुम्ही मुली बाहेर व्हरांड्यात होतात. तुझ्या आईला विचारून खात्री करून घे. त्या दिवशी दारच्या मांजरांना दूध ठेव, दुसरं काही नको.

इकडे आषाढ सरत आला. कपाशी बोटभर वर आली आहे, पावशा पहाटेपासून ओरडतो. पोळ्याला सुटी मिळाली तर ये. येताना वही आण, माठाखालच्या ओल्या फरशीचं पान मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. कडुनिंबाखाली खाट टाकते.

तुझी,
बाई