चेल्टनहॅमचा चढ टीव्हीवर दिसत नाही

तुम्ही लिहिलंय की लीड्सला राहायला आल्यावर पहिल्यांदाच मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या, म्हणजे इंग्लंडातल्या चार दिवसांच्या फेस्टिव्हलच्या, अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या घोड्यांच्या रेस टीव्हीवर पाहिल्या आणि तीन गोष्टी खटकल्या. शेवटच्या अडथळ्याला पुढे असलेला घोडा पाहता पाहता मागे पडतो, जॉकीनं खेचला की काय असं वाटतं. घोडा पडला की कॅमेरा दुसरीकडे वळतो. आणि रेसपेक्षा पैजांच्या भावांचीच चर्चा जास्त. मी बावीस वर्षं हे प्रक्षेपण पाहतोय, आधी चॅनल फोरवर आणि 2017 पासून आयटीव्हीवर. पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

जॉकीनं काही खेचलेलं नसतं. तिथं चढ आहे, आणि तो पडद्यावर दिसत नाही.

चेल्टनहॅमचं मैदान म्हणजे प्रेस्टबरी पार्क. तिथला मार्ग डावीकडे वळत जाणारा आहे. मागच्या बाजूला घोडे टेकाडावर चढतात, मग उतारावरून वेगात खाली येतात. शेवटून तिसरा अडथळा या उतारावर असतो. तिथून वळण घेऊन सरळ वाटेला लागले की शेवटच्या खांबापर्यंत, म्हणजे रेस संपते तिथपर्यंत, चढच चढ. मुख्य कॅमेरा स्टँडमध्ये उंचावर असतो आणि लांब पल्ल्याच्या लेन्सनं पाहतो. ही लेन्स अंतर दाबून टाकते, त्यामुळे जमिनीचा उतार-चढ सपाट होतो. त्यात पाठीमागे क्लीव्ह हिल ही टेकडी एवढी मोठी उभी असते की तिच्यापुढे पायाखालची जमीन मैदानासारखी वाटते. आपल्यासारख्या पुण्या-मुंबईकडच्या माणसाची तर जास्तच फसगत होते, कारण आपण महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर सपाट मैदानात धावणारे घोडे पाहून डोळा तयार केलेला असतो. तिथं शेवटच्या दोनशे मीटरला चार घोड्यांच्या लांबीइतका पुढे असलेला घोडा सहसा जिंकतो. इथं तो हिशेब चालत नाही.

मला हे कळायला प्रत्यक्ष जावं लागलं. पाचेक वर्षं टीव्हीवर पाहिल्यावर एका वर्षी गुरुवारचं तिकीट काढलं आणि रेस सुरू व्हायच्या आधी शेवटच्या अडथळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. अडथळा म्हणजे बर्चच्या काड्यांची गच्च बांधलेली भिंत, किमान साडेचार फूट उंच. वरच्या काड्या हातानं दाबल्या तर वाकतात, खाली मात्र हलत नाहीत. घोडे आले तेव्हा आधी जमीन थरथरली, मग काड्यांतून पोटं घासत गेल्याचा खरखराट झाला, जॉकींचे एकमेकांना दिलेले आवाज आले, आणि चिखलाचं एक ढेकूळ माझ्या कोटावर येऊन बसलं. तीन सेकंदांत सगळं संपलं. त्यानंतर मी त्यांच्या मागोमाग कठड्याच्या बाहेरून खांबाकडे चालत निघालो. अर्ध्यावर पोटऱ्या भरून आल्या. माझ्या पाठीवर कोणी बसलं नव्हतं आणि मी तीन मैल धावूनही आलो नव्हतो. गोल्ड कप ही फेस्टिव्हलची मुख्य रेस सव्वातीन मैलांच्या वर आहे, त्यात बावीस उड्या, आणि त्या संपल्यावर हा चढ.

म्हणून पुढच्या वेळी उतारावर घोडे आले की सगळ्यात पुढचा घोडा सोडा आणि तिसऱ्या-चौथ्या नंबरवर कोण आहे ते बघा. जॉकीचे हात बघा. हात स्थिर आहेत आणि घोडा स्वतःहून लगाम ओढतोय, तर त्याच्यात अजून जीव आहे. हात पुढे-मागे होऊ लागले, खांदे हलू लागले, तर चढाआधीच घोड्याकडे जोर मागणं सुरू झालंय. चाबूक फारसा दिसला नाही म्हणूनही शंका घेऊ नका. उड्यांच्या रेसमध्ये इथं सात वेळाच वापरायची मुभा आहे, 2023 पासून. एका रेसमध्ये मर्यादेपेक्षा चार किंवा त्याहून जास्त फटके झाले तर घोडाच बाद होतो. शहाणा जॉकी ते सात फटके चढासाठी राखून ठेवतो.

रेस सुटतानाचा गोंधळही याच धर्तीवर समजून घ्या. आपल्याकडे घोडे गेटच्या खोक्यांत उभे राहतात. इथं उड्यांच्या रेसला नुसती फीत ताणलेली असते आणि घोडे तिच्याकडे चालत येतात. कोणी पुढे घुसलं की परत फिरवतात. मंगळवारच्या पहिल्या रेसला ती फीत सुटते तेव्हा स्टँडमधून जो आवाज उठतो, त्यासाठी मी दरवर्षी टीव्हीचा आवाज वाढवतो. 2021 मध्ये करोनामुळे प्रेक्षकच नव्हते. तेव्हा तो आवाज नव्हता, पण काड्यांचा खरखराट आणि खुरांचा नाद घरबसल्या पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला. त्याच रिकाम्या मैदानात रेचल ब्लॅकमोरनं सहा रेस मारल्या आणि फेस्टिव्हलची अव्वल जॉकी ठरणारी ती पहिली बाई झाली. पुढच्या वर्षी अ प्लस तार्द या घोड्यावर गोल्ड कपही जिंकला. तो मात्र भरल्या मैदानात, आणि बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता पडलेल्या घोड्याबद्दल. कॅमेरा वळतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. घोडा उठला नाही तर त्याच्याभोवती पडदे लावतात. पडदे म्हणजे घोडा गेलाच असं नाही, डॉक्टरांना शांतपणे काम करता यावं हाही हेतू असतो. दिग्दर्शकानं त्या क्षणी लांबचं दृश्य घेणं मला योग्य वाटतं. घरात मुलं बघत असतात, आणि त्या घोड्याला शिंगरू असल्यापासून सांभाळणारी माणसंही बघत असतात. पण नंतर गप्प राहणं मला मान्य नाही. घोडा उठला की नाही, हे पुढच्या रेसआधी नाव घेऊन सांगितलं पाहिजे. ज्या वर्षी ते सांगतात त्या वर्षी मला प्रक्षेपण प्रामाणिक वाटतं. ज्या वेळी घाईघाईनं पुढच्या रेसच्या भावांकडे वळतात, त्या वेळी राग येतो. हा खेळ मी प्रेमानं बघतो, म्हणूनच त्यातलं मरण लपवलेलं मला चालत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, जुनी चित्रफीत आणि आजचं प्रक्षेपण शेजारी ठेवलं तर दिसेल. अडथळ्यांच्या बुडाशी असलेली फळी पूर्वी नारिंगी असायची, आता पांढरी असते. माणसाला नारिंगी ठळक दिसतो, घोड्याला नाही. त्याला तो हिरवळीत मिसळल्यासारखा दिसतो. एक्सेटर विद्यापीठात याचा अभ्यास झाला आणि 2022 पासून रंग बदलायला सुरुवात झाली. इतकी वर्षं आपण आपल्या डोळ्यांना दिसेल अशी खूण घोड्यासाठी लावत होतो. असल्या गोष्टी टीव्हीवर आणखी सांगायला हव्यात.

भावांच्या चर्चेचं कारण पैसा. पैजा घेणाऱ्या बुकींकडून वसूल केलेल्या लेव्ही नावाच्या पट्टीतून इथल्या रेसच्या बक्षिसांचा मोठा वाटा येतो. फुटबॉलसारख्या खेळांच्या थेट प्रक्षेपणात जुगाराच्या जाहिराती 2019 मध्ये त्या धंद्यानं स्वतःहून बंद केल्या, पण घोड्यांच्या रेस त्यातून वगळल्या. तेव्हा हे कमी होईल अशी आशा धरू नका. मला स्वतःला ते खुपतं. 2015 मध्ये अ‍ॅनी पॉवर ही घोडी शेवटच्या अडथळ्याला आघाडीवर असताना पडली. ती उठली, धडधाकट होती, आणि पुढच्याच वर्षी तिनं चॅम्पियन हर्डल ही कमी उंचीच्या अडथळ्यांची मोठी रेस जिंकली. पण पुष्कळांनी तिच्यावर पैजा लावल्या होत्या, म्हणून त्या दिवसाची गोष्ट आजही बुकींचे किती कोटी वाचले अशीच सांगितली जाते. तुमच्या घरी कोणाला पैजेची ओढ असेल तर आवाज बंद करा आणि रेसआधी पॅडॉकच्या आवारात घोडे फिरवतात तेव्हा पुन्हा लावा. माजी जॉकी रुबी वॉल्श बोलत असेल तर मात्र आवाज बंद करू नका. फेस्टिव्हलमध्ये 59 रेस जिंकलेला माणूस आहे तो. घोड्यानं उडी कुठून घेतली, एक पाऊल जास्त का टाकलं, हे तो थांबवलेल्या चित्रावर दाखवतो, आणि त्या दोन मिनिटांत मी जेवढा शिकलो तेवढा कुठल्याच तासाभराच्या गप्पांत शिकलो नाही.

समालोचकाकडे कान द्यायलाही शिका. चिखलानं माखलेले वीस घोडे तो जॉकीच्या अंगावरच्या रंगांवरून ओळखतो. हे रंग मालकाचे असतात. जे. पी. मॅकमॅनसचे हिरवे-सोनेरी आडवे पट्टे तुम्ही चार दिवसांत शंभरदा पाहिले असतील. त्यांचे चार घोडे एकाच रेसमध्ये असले की फरक फक्त टोपीच्या रंगाचा. रेस सुरू होण्याआधी वर्तमानपत्रातले रंग एकदा बघून ठेवा, निम्मा गोंधळ तिथंच मिटेल.

आणि चढाबद्दल माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा 1986 चा गोल्ड कप शोधून बघा. तेव्हा चेल्टनहॅम बीबीसीवर असायचं आणि समालोचन पीटर ओसुलेव्हन यांचं. डॉन रन ही आयरिश घोडी, वर जॉन्जो ओनील. दोन वर्षांपूर्वी तिनं चॅम्पियन हर्डल जिंकलेली होती. या दोन्ही रेस जिंकणारा दुसरा घोडा आजवर झालेला नाही. शेवटच्या अडथळ्यावर चित्र थांबवा. वेवर्ड लॅड आणि फर्गिव्ह अँड फर्गेट तिच्या पुढे दिसतील, आणि ती संपली असं तुम्हीही म्हणाल. आता चित्र सुरू करा, पण पडद्याकडे बघू नका, फक्त ऐका. ओसुलेव्हन यांच्या आवाजाला धार चढते ती जागा टिपून ठेवा. घोडी चढावर पुन्हा उचलते आहे हे त्यांना लोकांच्या आधी दिसलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये ती पॅरिसला ओतेयच्या मैदानात पडून मेली, हेही माहीत असू द्या. मग मागे जाऊन तोच तुकडा डोळे उघडे ठेवून बघा.