‘तारण’: पतपेढीतलं आणि प्रार्थनामंदिरातलं

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या रस्त्यावर पतसंस्थेची पाटी आहे, “सोने तारण कर्ज त्वरित मिळेल”. तिच्या शेजारीच एका ख्रिस्ती मेळाव्याचा फलक लागला होता, “आताच तारणाचा दिवस आहे”. हे दोन्ही “तारण” एकच का? म्हणजे येशू आपल्यासाठी तारण राहिला, जामीन राहिला, असं काही त्यामागे आहे का? आणि सरळ “मोक्ष” का म्हणत नाहीत? शिवाय “तारण झालं” बरोबर की “तारण मिळालं”? जाता जाता, पस्तावा आणि पश्चात्ताप यांत फरक आहे का?’

मूळ एकच, वाटा वेगळ्या. फलकावरचं वाक्य बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं आहे (6:2) आणि त्यातल्या तारणाचा गहाणाशी काही संबंध नाही.

संस्कृतात ‘तॄ’ म्हणजे ओलांडणं, पार जाणं. आपलं तरणं, तारू, तीर्थ, झालंच तर उतार, सगळे याच घरातले. त्याचं प्रयोजक रूप तारणं, म्हणजे दुसऱ्याला पार नेणं, बुडू न देणं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणताना आपल्या मनात तोच अर्थ असतो. त्या क्रियेचं नाम तारण. मराठी ख्रिस्ती लोकांनी हा शब्द कुठून आणला नाही, तो संतांच्या भवसागरामुळे घरोघरी रुळलेलाच होता.

मग सोनं कुठून आलं? माझा तर्क असा, की कर्ज बुडायला लागलं तर सावकाराला तारते ती वस्तू म्हणजे तारण. तर्कच आहे, पण ‘पैसे बुडाले’ असं आपण म्हणतो त्याच्याशी तो छान बसतो. गंमत म्हणजे इथे तरतो तो धनको. ज्याच्या पाटल्या तिजोरीत गेल्या तो फक्त व्याज भरतो.

तुमची शंका मात्र अगदीच हवेतली नाही. ‘तारण’ सोडलं तर मराठी बायबलात देण्याघेण्याचे शब्द ठासून भरले आहेत. प्रभूच्या प्रार्थनेत पापाला चक्क ऋण म्हटलंय: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’. रोमकरांस पत्रात ‘पापाचे वेतन मरण आहे’. आणि इफिसकरांस पत्रातलं 1:14 हे वचन तर तलाठ्याच्या दप्तरातून उचलल्यासारखं वाटतं. खंडणी भरून मिळवलेली मुक्ती, आणि तिच्यासाठी पवित्र आत्मा हा ‘आपल्या वतनाचा विसार’. खंडणी, वतन, विसार, तिन्ही एका ओळीत!

विसार हा शब्द जमीन घेतलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. व्यवहार ठरला, थोडी रक्कम हातावर ठेवली, विसारपावती झाली. आता मागे फिरता येत नाही. मूळ ग्रीक शब्द आहे अर्राबोन, आणि तोही ग्रीकांनी सेमिटिक (हिब्रू-अरबीच्या कुळातल्या भाषा बोलणाऱ्या) व्यापाऱ्यांकडून उचललेला, म्हणजे तिथेही बाजारातलाच. (आजच्या ग्रीकमध्ये त्याचाच वंशज साखरपुड्यासाठी वापरतात.) तेव्हा ‘विसार’ घालणाऱ्या भाषांतरकाराला मी मनापासून दाद देतो. ‘खंडणी’चं नशीब तेवढं चांगलं नाही. एके काळी मांडलिकानं राजाला भरायची रक्कम असा तिचा अर्थ होता, आता वर्तमानपत्रामुळे पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो तो गुंड. येशूनं पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून दिला, हे नव्या वाचकाला दचकवतं. जामिनाची कल्पना तुम्हाला हवीच असेल तर ती या खंडणीत शोधा, तारणात नाही. वस्तू अडकवून ठेवण्यासाठी बायबल ‘गहाण’ वापरतं. त्यातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (24:6) कुणाचं जातं गहाण ठेवून घेऊ नका असा नियम आहे, कारण ते त्याचा जीवच गहाण ठेवून घेण्यासारखं.

कर्ज आणि तारण एका जागी पाहायचं असेल तर लूकचा सातवा अध्याय उघडा. शिमोन नावाच्या परूश्याकडे, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूद्याकडे, येशू जेवायला बसलाय. गावात पापी म्हणून माहीत असलेली एक बाई सुगंधी तेल घेऊन आत येते, त्याच्या पायांशी रडते, आसवांनी भिजलेले पाय केसांनी पुसते. यजमान मनातल्या मनात नाक मुरडतो. येशू त्याला हिशेब घालतो: एका सावकाराचे दोन कर्जदार, एकाचं देणं पाचशे दीनार, दुसऱ्याचं पन्नास. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे पहिल्याचं कर्ज दीड वर्षाच्या कमाईहून जास्त. फेडायला दोघांकडेही काही नाही, म्हणून सावकार दोघांनाही सोडून देतो. आता त्याच्यावर जास्त प्रेम कोण करील? शिमोनाला उत्तर द्यावंच लागतं. शेवटी येशू त्या बाईला म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे, शांतीने जा’. या साऱ्या गोष्टीत कोणी काही गहाण ठेवत नाही. कर्ज विनातारण आणि माफीही विनातारण, असं म्हणायचा मोह होतो.

त्या ‘तारले’च्या जागी ग्रीकमध्ये सोझो हे क्रियापद आहे. विश्वासानं तारल्याचे हेच ग्रीक शब्द, जसेच्या तसे, मार्क 5:34 मध्येही येतात, पण तिथे बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई आहे, म्हणून मराठीत ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’. ग्रीकमध्ये वाचवणं आणि बरं करणं एकाच शब्दात मावतं. मराठीला दोन लागतात, आणि दर वेळी कोणता ते ठरवावं लागतं.

आता मोक्ष. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती शिकवणीत फेराच नाही: माणसानं एकदाच मरायचं आणि त्यानंतर न्याय, असं इब्री लोकांस पत्र सांगतं. सुटका हवी ती पापापासून आणि त्याच्या वेतनापासून. म्हणून ‘मोक्ष’ टाळण्याकडे कल. पण हे सोवळं सगळ्यांनी पाळलं असं नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये राशोलला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. उलट पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी केलं तेव्हा जड संस्कृत शब्द शक्य तितके दूर ठेवले, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. तरी त्यांच्या केडगावच्या संस्थेचं नाव मात्र ‘मुक्ती’!

हिंदी बायबल ‘उद्धार’ आणि ‘उद्धारकर्ता’ वापरतं. मराठीत ते चाललं नसतं असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे भांडणात सात पिढ्यांचा उद्धार होतो. गोव्यातल्या कोकणी ख्रिश्चनांचा शब्द मला सगळ्यांत आवडतो: सोडवण, आणि येशू म्हणजे सोडवणदार. दागिने सोडवून आणतो ना आपण पतपेढीतून, तोच सोडवणे. लॅटिन ‘रेडेम्प्तिओ’ म्हणजेही मोल देऊन परत घेणं. तुमच्या रस्त्यावर कोकणी फलक असता तर तुमची शंका खरी ठरली असती.

पस्तावा आणि पश्चात्ताप: व्युत्पत्तीनं बाप-लेक, पण बायबलात वेगळे ठेवलेत. ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ यात ग्रीक मेतानोइया आहे, मन पालटून वाट बदलणं. येशूला पैशांसाठी पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदा मात्र ‘पस्तावला’. तीस नाणी त्यानं परत केली, पाप केलं असंही म्हणाला, पण वळून येशूकडे गेला नाही, जाऊन गळफास घेतला. तिथे ग्रीक क्रियापदही निराळं आहे. खरं तर ‘ताप’ या शब्दात हळहळ आहे, वळणं नाही. तो अर्थ मराठी ख्रिस्ती वापरानं शब्दात भरला. उधळ्या पुत्राची गोष्ट वाचा: बापाकडून घेतलेली वाटणी उडवून डुकरं राखायची वेळ आली, तरी त्यांच्या शेंगांकडे बघत तो नुसता हळहळत बसत नाही, ‘मी उठून आपल्या बापाकडे जाईन’ म्हणतो आणि उठतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या 1517 च्या 95 कलमांतलं पहिलंच कलम याबद्दल आहे: विश्वासणाऱ्याचं सारं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. म्हणजे एकदा रडून मोकळं होण्याची बाब नव्हे.

राहिलं ‘होणं’ की ‘मिळणं’. सोनं तारण ठेवतात, देतात, घेतात. माणसाचं तारण होतं. जुन्या धाटणीत माणूस तारण पावतो. ‘तारण मिळालं’ चूक नाही, बोलण्यात येतं. ‘मी तारण मिळवलं’ मात्र ख्रिस्ती कानाला खटकेल, कारण इफिसकरांस पत्र म्हणतं, ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही’. तारलेला माणूस त्या वाक्यात कर्ता नाही, षष्ठीत आहे. यावर कोणी फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ पुढे करील, आणि ते वाचनही बरोबर आहे. फक्त लगेच पुढचं वचनही वाचावं: तिथे ‘साधून देणारा’ देव आहे. घेणं आणि देणं, क्रियापद एकच, कर्ते दोन.