‘लक्षणीय फरक’ म्हणजे मोठा फरक का?

प्रश्न असा: संशोधनाच्या बातमीत ‘दोन गटांत लक्षणीय फरक, विश्वासपातळी ९५ टक्के’ असं वाचलं. म्हणजे फरक मोठा, आणि निष्कर्ष खरा असण्याची शक्यता ९५ टक्के, असं समजायचं का?

दोन्ही समजू नये. गैरसमजाला कारण मात्र शब्दच आहे. लक्षणीय वाढ, लक्षणीय उपस्थिती हे ऐकून ऐकून ‘लक्षणीय’ म्हणजे डोळ्यांत भरण्याजोगं, हे आपल्या कानात पक्कं बसलंय. सांख्यिकीतल्या ‘सिग्निफिकन्ट’चा रोख आकारावर नाहीच, ‘हे नुसत्या योगायोगानं घडलेलं दिसत नाही’ एवढंच तो सुचवतो.

नाणं घ्या. १० वेळा उडवलं, ७ वेळा छापा पडला. सत्तर टक्के! पण निर्दोष नाणंही एवढं किंवा याहून जास्त, कुठल्याही एका बाजूला कलण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. आता १०,००० वेळा उडवून ५,१०० छापे आले तर? कल जेमतेम ५१ टक्के, तरी निर्दोष नाण्याकडून एवढा किंवा याहून जास्त कल येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत, आणि ‘लक्षणीय’ म्हणण्याची रूढ रेघ हीच. म्हणजे डोळ्यांत भरणारा कल ‘लक्षणीय’ नाही, आणि नजरेत न येणारा आहे!

म्हणून मला ‘सार्थ’ हा शब्द आवडतो. पोथीची सार्थ प्रत म्हणजे अर्थासकट छापलेली. तसा सार्थ फरक म्हणजे ज्यात काही अर्थ असावा असा. त्यात मोठेपणाचा वास नाही. त्या रेघेसाठी ‘सार्थकता पातळी’ वापरात आहेच.

५ टक्क्यांची रेघ रुळली ती मुख्यतः सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. ती सोयीची रेघ आहे: १०० फेकींत ६० छापे आले तर निर्दोष नाणं एवढं किंवा जास्त कलण्याची शक्यता ५.७ टक्के, ६१ आले तर ३.५. एका छाप्यानं निकाल फिरतो.

‘विश्वासपातळी’तला विश्वास, खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा काढण्याच्या रीतीवरचा आहे. सांख्यिकीतज्ज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना नीट मांडली. वरच्या ५,१०० छाप्यांवरून छाप्याच्या शक्यतेचा पट्टा येतो ५०.०२ ते ५१.९८ टक्के. याच रीतीनं १०० वेळा पट्टे काढले, तर साधारण ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडेल. आपल्या हातातला पट्टा त्या ९५ पैकी की उरलेल्या पाचांपैकी, हे ती पातळी सांगत नाही.

बातमी लिहिताना ‘फरक सार्थ आहे’ याला लागूनच तो किती, हे द्यावं. आणि ‘सार्थ नाही’ याचं ‘फरक नाही’ करू नये. दहा फेकींनी नाणं निर्दोष ठरत नाही.