एकटीने अंदमानला जायचं आहे, पण तिथे काही झालं तर कोण बघणार?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझ्या आईचा आवाज ऐकू आला. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नागपूरच्या, वय तीस, समुद्र एकदाच मुंबईला चौपाटीवरून पाहिलेला, आणि घरचे एकच प्रश्न धरून बसलेत. मी निघाले तेव्हा माझी आईही हेच म्हणाली होती, "कायले जातं एकटी? तिथं तुले काही झालं तं कोन पाहीन?"

मी नागपूरच्याच महाल भागात राहते, शिवणकाम करते. फेब्रुवारी 2019 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, कोलकात्यामार्गे पोर्ट ब्लेअरला गेले. आणि मला खरंच काहीतरी झालं. म्हणून कोण बघतं याचं उत्तर मी अंदाजाने नाही, अनुभवाने देऊ शकते.

पोर्ट ब्लेअरचे पहिले दोन दिवस इथे सांगत नाही. सेल्युलर जेलमध्ये मी जवळपास पूर्ण दुपार होते, पण त्याबद्दल दोन ओळींत लिहिणं मला जमणार नाही. तिसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला गेले. डिसेंबर 2018 मध्ये त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं होतं, पण मी गेले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी हॅवलॉकच होतं. तिथल्या विजयनगर गावात किनाऱ्यालगत एका बंगाली कुटुंबाकडे खोली मिळाली. घरातल्या बाई साठीच्या असाव्यात, सगळे त्यांना माशी म्हणत. माशी म्हणजे आपली मावशी, म्हणून मलाही ते लगेच तोंडात बसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठले. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळे तिथे सूर्य नागपूरच्या जवळपास तासभर आधी उगवतो. सहाला बाहेर आले तर लख्ख उजेड, आणि समुद्र जागेवर नाही! रात्री जिथे लाटा होत्या तिथे ओली वाळू, खडक, मध्ये मध्ये पाण्याची डबकी. डबक्यांत निळे मासे, माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान. मी रबरी चपला घालून, कमरेला पाऊच बांधून चालत सुटले. पाऊचमध्ये मोबाइल आणि सगळे पैसे. पाणी घोट्याच्याही खाली होतं. एका डबक्याजवळ तारामासा दिसला, तिथे बसले. मग पुढचं डबकं. असं करत किती लांब आले ते कळलंच नाही. किनाऱ्यावरची माडाची झाडं बोटभर दिसत होती.

आपल्या नागपूरपासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठेच समुद्र नाही. आपलं पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर हे तलाव. ते पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी असं पाणी आपण पाहिलेलंच नसतं. भरती-ओहोटी शाळेत पाठ केली होती, पण ती परीक्षेपुरती.

एवढ्यात लांबून हाक आली. एक माणूस डोंगीत, म्हणजे छोट्या होडीत, उभा राहून हात हलवत होता. "ओ दीदी! जोआर आश्छे! फिरे आशुन!" मला फक्त "जवार" ऐकू आलं, आणि खरं सांगते, डोळ्यांसमोर ज्वारीचं कणीस आलं. विदर्भातल्या माणसाला दुसरं काय आठवणार? तो विकायला काही आणतोय असं वाटून मी मान हलवून नको म्हटलं आणि परत खाली वाकले. बंगालीत जोआर म्हणजे भरती. तो ओरडून सांगत होता, भरती येतेय, मागे फिरा.

उठले तेव्हा पाणी पोटरीला लागलं होतं. तरी घाबरले नाही, कारण समोरून काही लाट वगैरे येत नव्हती. मागे वळले आणि तेव्हा पोटात गोळा आला. किनारा आणि मी, यांच्यामध्ये जिथून मी कोरडी चालत आले होते, तिथे पाण्याचा रुंद पट्टा झाला होता. तिथली जमीन खोलगट होती, हे येताना पाणी नसल्यामुळे जाणवलंच नव्हतं. पाणी समोरून चालून येतं असं आपल्याला वाटतं. इथे ते माझ्या पाठीमागून भरलं होतं.

मला पोहता येत नाही. मी पट्ट्यात उतरले. गुडघा, मांडी, कंबर. एक चप्पल निघून गेली आणि पुढचंच पाऊल कोरलवर, म्हणजे प्रवाळावर, पडलं. कोरल दिसायला दगडासारखं, पण धार काचेची. पाय घसरला, पूर्ण भिजले, नाकातोंडात खारं पाणी गेलं. तोवर तो डोंगीवाला दादा जवळ आला होता. त्याने हात दिला नाही, आधी बांबू पुढे केला, आणि हिंदीत शांतपणे म्हणाला, "पकडो, खड़े रहो, हिलो मत." मग डोंगी वळवून मला आत ओढलं. किनाऱ्याला लागेपर्यंत तो एक शब्द रागावून बोलला नाही. मला मात्र कुणीतरी रागावावं असं वाटत होतं.

माशींनी पाय पाहिला आणि आधी मला बाकावर बसवून गोड चहा पाजला. उकळून निवलेल्या पाण्याने जखम धुतली, मग रिक्षा बोलावून त्या स्वतः माझ्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या. तिथल्या नर्स ताईंनी चिमट्याने जखमेतून तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा काढून मला दाखवला. म्हणाल्या, कोरलचे असे कण आत राहिले की जखम चिघळते, म्हणून वरवर पट्टी बांधून कधीच सोडू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंग, गोळ्या. अकराच्या आत आम्ही घरी परत.

आता पुढची अडचण. मोबाइल मेला होता आणि नोटा भिजल्या होत्या. त्या काळात बेटावर इंटरनेट नावापुरतं होतं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली, त्याआधी ऑनलाइन पैसे देणं हॅवलॉकवर जवळपास अशक्यच. माझ्याकडे जे होतं ते त्या पाऊचमध्ये. माशींनी एक सूप आणलं, त्यात जुना गमछा अंथरला आणि एकेक नोट अलगद सोडवून पसरली. वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येक नोटेवर एक शिंपला. पाचशेच्या सात, शंभराच्या काही. गांधीजींच्या चेहऱ्यावर मीठ वाळून पांढरं होत होतं, ते त्या पदराने पुसत होत्या. मला तेव्हा रडू आलं, सकाळी पाण्यात आलं नव्हतं.

त्यांच्याच फोनवरून आईला फोन लावला. मोबाइल नंबर एकही पाठ नव्हता, घरचा लँडलाइन तेवढा लहानपणापासून डोक्यात होता. तुम्ही जाताना चार नंबर कागदावर लिहून, तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवा. आईला मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाईले फोन दे." आईला बंगाली येत नाही, हिंदी मोडकी. माशींची हिंदी अंदमानी वळणाची. तरी दोघी दहा मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते दोघींनीही मला नीट सांगितलं नाही.

दुपारी माशींनी त्यांच्या घरची गोष्ट सांगितली. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने 1950 च्या दशकात या बेटावर जमिनी दिल्या. त्यांचे सासरे त्यांत होते. तेव्हा इथे नुसतं जंगल. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावं त्या लोकांनी वसवली. माशी म्हणाल्या, सासरे नदीकाठचे होते, त्यांना पाण्याची भीती नव्हती, पण हे पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं हे अंगात मुरायला वेळ लागला. मी खोलीभाड्याशिवाय काही देऊ केलं तर त्यांनी हात जोडले. मग मी सुईदोरा मागितला. त्यांच्या मच्छरदाणीचा कोपरा फाटला होता, तो रफू केला, आणि दोन ब्लाउज बाहीत तंग होत होते ते उसवून ढिले करून दिले. नागपूरची संत्रा बर्फीही होती बॅगेत, ती नातवंडांनी संपवली.

संध्याकाळी त्यांच्या मुलाने स्कूटरवर राधानगरला नेलं. जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटरवर, पश्चिमेला तोंड असलेला हा किनारा. टाइम मासिकाने 2004 मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, ते वाचून गेलं की अपेक्षा फार वाढतात. त्या पूर्ण झाल्या एवढंच सांगते. मला जास्त लक्षात राहिली ती वाळूच्या कडेची उंच झाडं. मुलाने नाव सांगितलं, समुद्री महुआ. आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातलं झाड. रामटेककडच्या मोहफुलांचा वास मला त्या अनोळखी बेटावर उगाच आठवला. पाय पाण्यात घालायचा नव्हता, म्हणून बुंध्याला टेकून बसले. साडेपाचला सूर्य गेला आणि अंधार इतक्या लवकर पडला की लोक धावत रस्त्याकडे निघाले. नागपूरच्या हिशेबाने "सात वाजेपर्यंत उजेड असतो" असं धरून चालू नका, विशेषतः एकट्या असताना. परतीची रिक्षा आधी ठरवून ठेवा.

तेव्हा "कोण बघणार" याचं उत्तर: तिथली माणसं बघतात. पण त्यांना तसं बघू देण्यासाठी आपण आधी बोललेलं असावं लागतं. मी आदल्या संध्याकाळी माशींना फक्त विचारलं असतं, "सकाळी मी पाण्याकडे जाणार आहे, पाणी कधी येतं?" तर यातलं काही झालं नसतं. माझी चूक एकटं जाण्याची नव्हती, न विचारण्याची होती.

पाण्याचं जे नंतर शिकले ते लिहून ठेवते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त ओसरतं. मी गेले तेव्हा माघ पौर्णिमा होऊन तीन-चारच दिवस झाले होते. आणि पाणी एका वेगाने चढत नाही. सहा तासांतला पहिला तास अगदी थोडं, दुसऱ्या तासात दुप्पट, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जास्त. पहिल्या तासात फसायला होतं ते यामुळेच. कोकणातल्या लोकांकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो असा हिशेब आहे, तो मुंबईकडच्या समुद्राचा. अंदमानात त्याच तिथीला भरती वेगळ्या वेळी येते, तिथे तो लावू नका, तिथल्याच माणसाला विचारा. आणि तळाला घट्ट पकड असलेले, टाचेला पट्टा असलेले सँडल घ्या. रबरी चपला नकोत.

कोणत्या महिन्यात जाताय ते खाली लिहा. पंचांगात तिथी बघून आणि भरतीच्या तक्त्याशी ताडून, तुमच्या तारखांना सकाळी पाणी कुठे असेल ते मी सांगते. आणि विजयनगरला राहणार असाल तर आधी कळवा, माशींसाठी संत्रा बर्फीचा डबा द्यायचा आहे.