फँडल नव्हे, पी-हँडल

लिनक्स कर्नलमधील डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे यंत्रातील उपकरणांची वृक्षरूप मांडणी सांगणाऱ्या, जुन्या फाइली नीटनेटक्या करण्याच्या कामाला मराठीत ‘शुद्धीकरण’ म्हणावे की ‘साफसफाई’, आणि त्या फाइलींत एका नोंदीतून दुसरीचा निर्देश करणाऱ्या ‘फँडल’ला प्रतिशब्द काय, असे एका वाचकांनी विचारले आहे. पहिल्याचे उत्तर चटकन देतो. शुद्धीकरण पाण्याचे होते. नोडच्या, म्हणजे त्या वृक्षातील एकेका नोंदीच्या, नावातील अधोरेषेच्या जागी संयोगचिन्ह घालणे, नोड पत्त्याच्या चढत्या क्रमाने लावणे, ‘स्टेटस’ हा गुणधर्म बाकीच्या गुणधर्मांच्या शेवटी नेणे आणि त्यातील ‘ओके’चे दोन अक्षरी इंग्रजी स्पेलिंग बदलून चार अक्षरी करणे, ही सारी कामे मुद्रितशोधकाची आहेत. साफसफाई म्हटले तरी माझी हरकत नाही.

हरकत आहे ती ‘फँडल’ या उच्चाराला. ‘पी’ आणि ‘एच’ शेजारी दिसले की ‘फ’ करायचा, ही आपली शाळेतली सवय येथे आड येते. हा शब्द पी-हँडल असा फोडायचा असतो. त्यातील ‘पी’ म्हणजे ‘पॉइंटर’ असे अनेक प्रशिक्षण-टिपणांत ठोकून दिलेले असते, ते तर निखालस चूक आहे. पॉइंटर म्हणजे स्मृतीतील पत्ता. हा मात्र 32 बिटांचा निव्वळ एक क्रमांक असून तो बहुधा डीटीसी हा या फाइलींची बायनरी बनवणारा कंपायलर स्वतःच नेमतो.

तो ‘पी’ पॅकेजचा आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या संगणकांवरील ओपनबूट या यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून ओपन फर्मवेअर घडले आणि 1994 साली त्याचे आयईईई 1275 हे मानक झाले. तेथे प्रत्येक उपकरण म्हणजे गुणधर्म, फोर्थ भाषेतील कृती आणि खाजगी माहिती यांचे एक पॅकेज असे. ‘फाइंड-पॅकेज’ म्हटले की पी-हँडल मिळे, आणि ‘ओपन-डेव्ह’ने उपकरण उघडले की त्या उघडलेल्या प्रतीचा, म्हणजे इन्स्टन्सचा, आय-हँडल मिळे. एकावरून दुसरा काढून देणारा शब्दही फोर्थमध्ये होता. इतकी स्वच्छ जोडी समोर असताना पॉइंटर कोठून आला? माझा तर्क असा की 2005 च्या सुमारास पॉवरपीसी प्रोसेसरवरील लिनक्ससाठी उपकरणांचा हा वृक्ष सपाट केला गेला, म्हणजे नुसत्या माहितीचा एक सलग ठोकळा झाला, तेव्हा कृती गेल्या, पॅकेज गेले, आय-हँडलही जवळजवळ विस्मरणात गेला आणि एकट्या उरलेल्या ‘पी’ला लोकांनी आपल्या मनाने अर्थ चिकटवला.

ही व्युत्पत्ती शोभेची नाही. जुनी बायनरी उलट वाचून काढलेल्या फाइलीत एकाच नोडवर ‘पी-हँडल’ आणि ‘लिनक्स,पी-हँडल’ असे दोन गुणधर्म एकाच क्रमांकासह दिसतात. दुसरा हा सपाट वृक्षाच्या आरंभकाळातील अवशेष आहे. दोन्ही काढावेत, नोडला लेबल द्यावे आणि जेथे जेथे तो उघडा क्रमांक वापरला असेल तेथे तेथे अँपरसँडसह (&) ते लेबल लिहावे. एखादे ठिकाण सुटले, तर तो क्रमांक कंपायलरने भलत्याच नोडला दिलेला असू शकतो.

लेबल बदलल्याने बायनरीत सहसा फरक पडत नाही, कारण ओव्हरलेसाठी, म्हणजे मूळ वृक्षावर नंतर चढवायच्या पुरवणीसाठी, मुद्दाम सांगितल्याखेरीज लेबले तिच्यात उतरतच नाहीत. नोडचे नाव मात्र उतरते, आणि त्या नावाच्या मार्गावर एखादा जुना प्रोग्रॅम विसंबून असेल तर केवळ अधोरेषा काढल्यानेही तो अडतो.