ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवलेला, जुना प्रोसेसर विकताना किंमत किती लावावी? गिऱ्हाइकाला सांगावं का?

तुमचा इंटेलचा आय७ ८७००के प्रोसेसर काही वर्षं ४.९ गीगाहर्ट्झ क्लॉकला (वेगाला) चाललाय, दुकानदार म्हणतो ओव्हरक्लॉकवाला माल म्हणजे निम्मी किंमत, आणि तुम्ही विचारताय की हे बरोबर आहे का आणि न सांगता विकला तर चालेल का. निम्मी किंमत बरोबर नाही. आणि न सांगता विकू नका.

हे 'निम्मी किंमत' ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण मला ते घरातनंच ऐकून घ्यावं लागलंय. आमचे दाजी मिरजेत जुन्या कॉम्प्युटरचा धंदा करतात. माझ्याकडं पण ८७००केच होता, विश्रामबागला घरी, सगळे कोअर ४.८ ला आणि व्होल्टेज १.२८ ला हाताने फिक्स केलेलं, वर मोठा टॉवर कूलर. एप्रिल-मेमध्ये सांगलीत बाहेर चाळीस असतं तेव्हा मी तो ४.६ वर आणून ठेवायचो, कारण या चिपच्या झाकणाखाली सोल्डर नाही, पेस्ट आहे, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. रेंडर चालू असताना पण ८० च्या वर जाऊ दिला नाही, कंपनीची मर्यादा १०० आहे. एवढं जपलेला प्रोसेसर विकायला काढला तर दाजी म्हणाले, "ताणलेली चिप ती, आतनं जळलेली असणार. घरातला आहेस म्हणून चार हजार देतो." मी नाही म्हटलं. तर भाचीच्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर, "हा मशीन जाळतो आणि लोकांच्या गळ्यात मारतो." माझे वडील तिथंच बसलेले. दाजी म्हणून तेव्हा गप्प बसलो.

आता दाजी काय विकतात ते सांगतो. बंद पडलेल्या ऑफिसातला लॉट उचलायचा, हीटसिंकमध्ये धुळीची गादी बसलेली, पेस्ट वाळून खडू झालेली, म्हणजे ती मशीन वर्षानुवर्षं १०० डिग्रीला टेकून थ्रॉटल होत, म्हणजे तापून आपोआप मंद होत, चाललेली. पण त्यांना कुणी ओव्हरक्लॉक केलेलं नाही, म्हणून त्यावर 'कंपनी कंडिशन' लिहून पूर्ण किंमत. हे कसं काय चालतं मला कुणीतरी सांगा.

चिप झिजते ती व्होल्टेज आणि उष्णतेनं. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान बराच काळ राहिलं की आतल्या बारीक तारांचा धातू हळूहळू सरकतो, मग पूर्वी ज्या व्होल्टला जो क्लॉक चालायचा त्यालाच जास्त व्होल्ट लागायला लागतात. नुसता क्लॉकचा आकडा बघून यातलं काही कळत नाही. तुम्ही ४.९ म्हणालात पण व्होल्टेज लिहिलंच नाही, आणि खरी किंमत तिथं ठरते. १.३० च्या आत असेल तर मी एक रुपया कमी करणार नाही. १.४० ला ऑटोवर सोडून चालवला असेल तर दहा-पंधरा टक्के सोडा. आणि दुसरं, ८७००के स्टॉकला, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगला, एका कोअरवर ४.७ आणि सगळ्या कोअरवर ४.३ जातो, पण कित्येक झेड बोर्डांवर (ओव्हरक्लॉक करता येणारे इंटेलचे मदरबोर्ड) मल्टीकोअर एनहान्समेंट नावाचं सेटिंग आधीपासूनच चालू असतं, ते सगळेच कोअर ४.७ ला नेतं आणि व्होल्टेज पण स्वतःच्या मनानं वाढवतं. म्हणजे 'मी कधीच ओव्हरक्लॉक केला नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांचा प्रोसेसर माझ्यापेक्षा जास्त ताणलेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. १३व्या-१४व्या जनरेशनचं तर सगळ्यांना माहितीच आहे, हात न लावता लोकांचे आय९ खराब झाले, ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) काढावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. तिथं कुठं होतं ओव्हरक्लॉकिंग?

माझा शेवटी तासगावच्या एका लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या मुलानं घेतला. त्याला फोनवरच सगळं सांगितलं, ४.८, १.२८, उन्हाळ्यात कमी, डीलिड केलेला (झाकण उघडलेला) नाही. तो मित्राच्या ओम्नीत स्वतःचा कॅबिनेट टाकून आला. "दादा, नंतर जळणार नाही ना?" म्हटलं बस, चहा घे, तुझ्यासमोर चालवतो. आधी माझ्या बोर्डावर माझंच जुनं प्रोफाईल लावलं, ४.८ ला १.२८, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्राइम९५ चालू, बाजूला तापमान आणि एरर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवलं, डब्ल्यूएचईए (हार्डवेअरचे) एरर शून्य. पहिल्या दिवशी जेवढे व्होल्ट लागले तेवढ्यावरच आज चालतोय, म्हणजे झिजलेला नाही, याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मग बायोस डिफॉल्टला आणून परत तेच, मग त्याच्या बोर्डात टाकून परत. साडेआठ हजार दिले त्यानं, पाचशे कमी करा म्हणाला तेवढे केले होते. अजून त्याच्यावरच एडिटिंग चालतंय त्याचं.

किंमत काढताना लोकांनी मागितलेला आकडा बघू नका, कितीला गेला ते विचारा. वरची हद्द म्हणजे आज तेवढंच काम करणारा नवा प्रोसेसर कितीला मिळतो. ८७००केच्या बाबतीत नवा १२४००एफ, तेवढेच सहा कोअर बारा थ्रेड, वेगानं पुढं, वर वॉरंटी. वॉरंटी संपलेला २०१७ चा मॉडेल त्याच्या आसपास विकायला गेलात तर कोण घेईल. तुमच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत, आत ग्राफिक्स आहे, १२४००एफला नाही, त्यामुळं एडिटिंगवाल्याला क्विकसिंक, म्हणजे व्हिडिओचं काम लवकर करणारी सोय, मिळते. आणि विंडोज ११ च्या यादीत ८वी जनरेशन बसते. ७७००के ७व्या जनरेशनचा, त्या यादीत नाही, त्यामुळं त्याची खरी किंमत पडली ती विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून. '४.९ चालतो' म्हणून जास्त पैसे मात्र मागू नका, त्याच्याकडं तुमचा कूलर नाही की तुमचा बोर्ड नाही.

हे सगळं स्टॉकला एकही एरर येत नसेल तर. स्टॉकला क्रॅश होत असेल तर कुठल्याच किमतीला विकू नका. डीलिड केला असेल तर सांगा. आणि मी बोलतोय ते ८व्या ते १०व्या जनरेशनच्या इंटेलबद्दल, एएमडीच्या रायझनचं गणित वेगळं, तिथं एएम४ सॉकेटवाल्यांना पिना प्रोसेसरलाच असतात, त्या आधी मोजा. घेणाऱ्याचा बोर्ड इंटेलच्या ३०० सिरीजचा आहे ना तेवढं विचारा, जुन्या झेड२७० मध्ये ८७००के बसतो पण चालत नाही, आणि मग शिव्या तुम्हाला. बोर्ड पण काढणार असाल तर दोन्ही एकत्रच द्या.

आणि नातेवाईकाला देऊ नका, त्यानं जास्त पैसे दिले तरी. व्होल्टेज, क्लॉक, तारीख कागदावर लिहून सही करून द्या, मी दिलंय तसं. दाजींना पण हेच म्हणणं आहे माझं, समोरासमोर पण बोललोय आता, की तुमच्या लॉटमधल्या एका तरी प्रोसेसरवर प्राइम९५ लावून तापमान किती येतं ते गिऱ्हाइकाला दाखवा आणि मग माझ्या चिपला जळकी म्हणा.